चुन्याखालचा भीम

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं दगडातून हाडं सोडवत बसले. दातांच्या डॉक्टरकडे असते तसली सुई, मऊ ब्रश, डोळ्याला भिंग आणि अंगात मुरलेला हट्ट, एवढ्यावर माझी नोकरी झाली. गोदावरीच्या खालच्या खोऱ्यातून लाल दगडांची ढेकळं ट्रकनं यायची, आणि त्यांत अडकलेली डायनासोरांच्या अगदी पहिल्या पिढ्यांची हाडं मी कणाकणानं मोकळी करायची. डायनासोर म्हटलं की लोकांना डोंगराएवढं जनावर दिसतं. माझ्या टेबलावरचे शेळीएवढे होते, काही तर कोंबड्याएवढे.

त्या हाडांवर निबंध छापून आले, साहेब लोक परदेशी जाऊन भाषणं देऊन आले. माझं नाव शेवटी आभारात असायचं, तेही दोनदा चुकीचं छापलेलं. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आपण स्वतः शोधलेलं, आपल्या नावानं ओळखलं जाणारं एक तरी हाड असावं, ही हाव मात्र गेली नाही. हावच म्हणते, उगाच तिला गोड नाव कशाला द्यायचं?

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये शीतल नावाची नर्स भाड्यानं राहते. तिचं गाव लोहाऱ्याजवळ, धाराशिव जिल्ह्यात. गेल्या हिवाळ्यात ती गावाहून परतली ती वडिलांवर चिडूनच. तिकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावच्या गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपट, उभी करतात, त्यात पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि चुना लावून पूजतात. शीतलची आई वारल्यापासून तिचे अण्णा त्या दगडांना चुनाच लावू देत नव्हते. "बघा की काकू," म्हणत तिनं मोबाइल पुढे केला, "भावकीचे पांडव कसे पांढरेशुभ्र, अन् आमचे भिकाऱ्यासारखे."

मी मधल्या मोठ्या दगडाकडं बघत होते. त्याच्या कोपऱ्यावरचा चुना निघाला होता आणि खाली एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, कड्या उठलेल्या दिसत होत्या. पाट्याला नव्यानं टाकी लावावी तशा. दगड आपण होऊन असं काही करत नाही. शीतलला म्हटलं, पुढच्या येळवशीला मी तुझ्या गावी येणार, आणि नाही म्हणायचं नाही.

सोलापूर, तुळजापूर

चुना आंबट पदार्थात विरघळतो आणि हाड किंवा दात मागे राहतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं काम. म्हणून मी सामानात व्हिनेगरची मोठी बाटली घेतली होती. सोलापूरपर्यंत ती शहाण्यासारखी वागली. तुळजापूरच्या बसमध्ये मात्र तिनं झाकण सोडलं आणि माझं लुगडं, पिशवी आणि शेजारच्या बाईंची चप्पल असं सगळं भिजवलं. शेजारच्या बाई मांडीवर देवीची परडी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नाक वर केलं आणि प्रेमानं विचारलं, लोणचं सांडलं का वो माय? मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर सोलापूरपासून सुरुवात करावी लागली असती.

तुळजापुरात दर्शनाच्या रांगेत मी भर थंडीत आंबट वासासह उभी होते आणि पुढच्या-मागच्या लोकांनी माझ्यासाठी आपोआप ऐसपैस जागा केली. देवीपुढे हात जोडून मी स्पष्टच मागितलं, एक हाड माझ्या नावावर दे. बाहेर तीन दुकानांत व्हिनेगर विचारलं. कुंकू होतं, कवड्यांच्या माळा होत्या, पितळेच्या पादुका होत्या. तिसऱ्या दुकानदारानं फार विचार करून मला दोन लिंबं दिली.

अणदूर

लोहाऱ्याच्या वाटेवर गाडी बदलायला अणदूरला उतरले. पुढची जीप भरायला वेळ होता, म्हणून खंडोबाला गेले. देवळात कोणी नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर उन्हाला बसले होते. ते म्हणाले, देव सध्या न्हाईत, नळदुर्गाला गेलेत. वर्षातला बराचसा काळ देव इथं असतो आणि थोडे दिवस तिकडं. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत तसा लेखी करारच होतो म्हणे. आमच्या नागपूरला देव बिचारे एकाच जागी बसून कंटाळतात. मी मोकळ्या गाभाऱ्याला नमस्कार केला. म्हातारबाबांनी बजावलं की जागा रिकामी असली तरी जागेचा मान जात न्हाय. मी मान हलवली आणि जीप पकडायला पळाले, कारण तिथं माझ्या जागेचा मान कोणी ठेवला नसता.

शीतलचं गाव

गावाचं नाव मी सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. हे गाव त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, घरं सारखी, आणि मैलभर अलीकडे जुन्या गावाच्या दगडांचे ढीग बाभळीखाली पडलेले. शीतल माझ्या आधीच दोन दिवस आली होती. तिचे वडील ज्ञानोबा, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. साठी ओलांडलेले, उंच, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि लोणचं कशाचं होतं ते विचारलं. म्हणजे वास अजून होता.

घरात शीतल आणि तिची चुलती उद्याच्या स्वयंपाकाला लागल्या होत्या. हरभरा, तूर, वाटाणा, वाल असले ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन एकत्र शिजवून इथं भज्जी करतात. आमच्याकडे भजी म्हणजे तळणीचा प्रकार, म्हणून मी कढई शोधत होते. त्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर आणि माठात ताक-ज्वारीची आंबील. मी भाकरी थापायला बसले. माझ्या भाकरीचा आकार बघून चुलतीनं मला दाणे सोलायला दिले.

येळवस

सकाळी गाव रिकामं झालं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटरसायकली, सगळ्यांवर टोपल्या आणि माठ. लोहाऱ्यातसुद्धा त्या दिवशी चहा मिळत नाही, असं शीतल म्हणाली. वाटेत कोणाच्याही शेतात शिरलं तरी जेवायला बसवतात. तीन ठिकाणी आम्हाला हाका आल्या आणि एका ठिकाणी मी उतरायलाही निघाले होते.

अण्णांची कोप ज्वारीच्या कडेला उभी होती, दार पूर्वेला. आत पाच दगड ओळीनं. मधला भीम, अर्ध्या भाकरीएवढा आणि तिच्यापेक्षा बराच जाड. मी गुडघ्यावर बसले, भिंग लावलं आणि पहिल्या नजरेतच ओळखलं. डोक्याला आधीपासून ठाऊक होतं की या काळ्या खडकाच्या मुलखात डायनासोर मिळणं जवळपास अशक्य. मन तरी थोडी आशा धरून होतं. तो हत्तीचा दात होता. आजच्या हत्तीचा नाही, फार फार जुन्या, आता पृथ्वीवर नसलेल्या हत्तीची दाढ, दगड झालेली. अण्णांच्या आजोबांनी तो तेरणेच्या काठच्या वाळूतून उचलून आणला होता.

मी अण्णांना सांगितलं, तुमचा भीम म्हणजे हत्तीची दाढ आहे. त्यांना जराही धक्का बसला नाही. भीमाच्या अंगात हत्तींचंच बळ होतं की, मग बरूबरच हाय, असं म्हणून ते विहिरीकडं निघाले. एवढा शास्त्रीय शोध इतक्या थंडपणानं घेतलेला मी पाहिला नव्हता.

विहीर पाहण्यासारखी होती. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा खडक, मध्ये विटेसारखा लाल पट्टा आणि खाली पुन्हा काळा खडक. अण्णांनी विचारलं की तुम्ही आयुष्यभर ज्यांची हाडं घासली ते कोण होते. मी काठावर बसून सांगत गेले. फार पूर्वी सगळी जमीन एकत्र होती आणि तिच्यावर मगरीच्या नात्यातल्या धिप्पाड जनावरांचं राज्य होतं. पहिले डायनासोर त्यांच्या पायांत पायांत वावरायचे. अंगानं हलके, दोन पायांवर पळणारे, काहींची हाडं आतून पोकळ. त्यांना कोणी विचारत नव्हतं. मग पृथ्वी फाटली, लाव्हा वाहिला, हवा बिघडली. मोठे बहुतेक मेले आणि हे किडूकमिडूक वाचले. रिकाम्या झालेल्या जगात ते पसरले, वाढले, डोंगराएवढे झाले. कोट्यवधी वर्षांनी पुन्हा आभाळातून उल्का आदळली आणि त्याच सुमाराला इथंही लाव्हा वाहत होता. तुमच्या विहिरीतला हा काळा दगड म्हणजे तोच लाव्हा. एक पूर आला, थंड झाला, वर माती झाली, ती पुढच्या पुराखाली गेली, तो हा लाल पट्टा. मोठे डायनासोर त्या काळात संपले. उरले ते पक्षी. मी कोपीवर बसलेल्या साळुंकीकडे बोट केलं.

अण्णांनी वाकून विहिरीतला लाल पट्टा नीट पाहिला. मग म्हणाले, "आमच्यात बी तसंच झालं. ज्यांचे दगडी वाडे ते वाड्याखाली गेले. म्या त्या राती इथं राखणीला कोपीत होतो. कोप पडली अन् माझ्या अंगावर नुसता कडबा."

त्यांची आई घरात होती. ती गेली. हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही, पाणी पिऊन झाल्यावर सहज बोलण्यात आलं. एकतीस वर्षं मी त्या लहान जनावरांच्या वाचण्याचं कौतुक केलं होतं. वाचलेल्याला मागे काय उरतं, हे कधी मनात आलं नव्हतं.

आणि तरीही माझी हाव गेली नाही, हे मला लिहायलाच हवं. अण्णा आणि शीतल आंबिलीचा माठ घेऊन शेताला फेरी मारायला गेले. 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडायची असते. अर्थ कोणालाच सांगता आला नाही, कानडी असावं. पूजेत थोडी आंबील पांडवांवरही घालतात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षानुवर्षं हे लोक चुना लावतात आणि वर आंबट आंबील ओततात. आम्ही प्रयोगशाळेत आम्लानं जे करतो तेच इथं पिढ्यानपिढ्या हळूहळू चाललंय. चुना दरसाल भरला जायचा, म्हणून दाढ दिसत नव्हती. गेली दोन वर्षं भरला नाही, म्हणून दिसली.

कोपीत मी एकटी होते. पिशवीत सुई होती. सगळ्या कड्या दिसल्या असत्या तर ही कोणत्या जातीच्या हत्तीची दाढ, ते ठरवता आलं असतं, आणि कदाचित माझं नाव एकदा तरी आभारांच्या वर छापून आलं असतं. मी सुई चुन्याच्या कडेत घातली. सवयीचा हात, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. नखाएवढी कपची टचकन निघाली.

दारात सावली पडली. अण्णा माठ हातात धरून उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मी उलटून काहीतरी बोलले असते. ते म्हणाले, "बाई, वरचा थर तिच्या हातचा हाय."

तेव्हा मला कळलं की अण्णा चुना का लावू देत नव्हते. नवा चुना लावला की बायकोचा हात त्याखाली जाणार होता. आणि मी तर तो खरवडायलाच बसले होते. चोरी करताना पकडलेल्या बाईसारखी मी लाजेनं मेले. नजर कुठं ठेवावी कळेना, म्हणून ती कपची तळहातावर धरून भिंगातून बघत बसले.

कपचीच्या कडेला थर दिसत होते. विहिरीत दिसतात तसेच, फक्त केसाएवढे पातळ. एक थर म्हणजे एक येळवस. सगळ्यात वरचे थर मला चमत्कारिक वाटले. पांढऱ्यात निळसर झाक होती. मी खाली खाली मोजत गेले, निळसर, निळसर, बरेच निळसर, आणि मग एकदम साधे पांढरे. आणखी थोडं खाली करड्या मातीची एक बारीक रेघ. तिच्याखाली पुन्हा साधे पांढरे, शेवटच्या थरापर्यंत.

मी अण्णांना जवळ बोलावलं, भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं आणि विचारलं, हे निळं काय? ते इतका वेळ बघत राहिले की शीतल घाबरून आत आली.

"नीळ टाकायची ती," अण्णा म्हणाले. "चुन्यात चिमूटभर. म्हणायची, पांडव कसे उठून दिसले पायजेत."

मग मी कपचीवर सुईचं टोक ठेवून त्यांना दाखवलं, इथून निळं सुरू होतं. ते म्हणाले, लगीन होऊन ती आली तवापासनं. करड्या रेघेवर टोक नेलं तेव्हा ते म्हणाले, ही माती हाय. भूकंपाच्या साली चुना कुठून आणायचा आणि कोणी लावायचा? पडलेल्या घराच्या माळवदाची, म्हणजे धाब्याच्या छपरावरची, करडी माती त्यांनी कालवली होती आणि पाचही दगडांना हातानं फासली होती. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, शीतललाही नाही. रेघेच्या वरचे साधे पांढरे थर त्यांनी लग्नाआधी एकट्यानं लावलेले, आणि रेघेच्या खालचे त्यांच्या आईचे.

"म्हंजी चुना लावला तरी खालचं जात न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, जात नाही अण्णा. उलट राहतं. उघडं ठेवलं तर आंबिलीनं आणि वाऱ्यानं जाईल. वरून झाकलं तरच टिकेल. माझं सगळं आयुष्य याच एका गोष्टीवर चाललं. झाकलं गेलं तेवढंच आमच्यापर्यंत पोचलं.

ते उठले, बाहेर जाऊन आले, आणि मला स्वप्नातही वाटलं नव्हतं असं बोलले. "न्या तुमी ह्यो दगड. तुमचा जलम ह्याच्यातच गेला. म्या दुसरा भीम मांडतो." शीतल माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोलत नाही, मी क्षणभर दगडाकडे हात नेला. देवीनं मागितलेलं दिलं होतं, आणि तेही मालकाच्या हातून. पण त्या दाढेला माझं नाव लागायचं तर आधी तिच्यावरच्या एका बाईचा आणि तिच्या सासूचा हात काढावा लागणार होता, आणि ते काम माझ्याइतकं नीट दुसरं कोणी केलं नसतं. मी म्हटलं, शीतल, चुना भिजवलाय का कुणी?

भावकीच्या कोपीतून चुन्याची बादली आली. नीळ शीतलनं आणलीच होती. दोन वर्षं ती दरवेळी पुडी आणायची आणि तशीच परत न्यायची. अण्णांनी धर्म, अर्जुन, नकुल, सहदेव रंगवले आणि कुंचा माझ्या हातात दिला. मी आयुष्यात दगडावरचं काढलं होतं, लावलं कधी नव्हतं. कुंचा गच्च भरून घेतला. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या कड्या झाकल्या, एकेक करून, आणि त्या जाताना मला रडू आलं. ते मी लपवलंही नाही. निघालेली कपची अण्णांनी चुन्यातच परत चिकटवली.

मग जेवलो. भज्जी मी तीनदा घेतली. आंबील पहिल्या घोटाला आंबट लागते आणि तिसऱ्याला सोडवत नाही. फोटो मी रंगवण्याआधी काढले होते. ते माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहतील. अण्णांच्या मागे काय करायचं ते शीतल ठरवील. वाचणाऱ्यांनी गाव शोधायला जाऊ नये. येळवशीला जा, कोणाच्याही कोपीत जा, पोटभर जेवून या.

निघताना अण्णा मला कोपीत घेऊन गेले. चुना वाळत आला होता. त्यांनी वाकून भीमाकडे नीट पाहिलं, बोटानं कड चाचपली आणि प्रथमच हसले.

"तुमचा थर लई जाड झालाय, बाई," ते म्हणाले. "पुढं कुणी मोजाया बसलं तर झटकन घावंल."

मी पदरानं डोळे पुसले. पदराला अजून लोणच्याचा वास होता.